रविवारी ठासलेली गोळी

माझ्या नवऱ्याच्या खांद्यावरच्या पिशवीत जे रिव्हॉल्व्हर असतं, ते अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याच्या लेखी बंदूकच नाही. सॅम्युएल कोल्टने १८५१ साली ‘नेव्ही’ नावाचं जे मॉडेल काढलं, त्याची ही इटलीत घडवलेली प्रतिकृती. तयार काडतूस यात बसत नाही. आपल्याकडे कोकणात रानडुकरं हाकायला शेतकरी ठासणीची बंदूक ठेवतात, तसलाच हा प्रकार, फक्त सहा घरांच्या फिरत्या चक्राचा. दारू वेगळी, गोळी वेगळी, ठिणगी देणारी टोपी वेगळी आणि सगळं स्वतःच्या हाताने भरायचं. १९६८च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचा खून झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी गन कंट्रोल अ‍ॅक्टवर सही केली. १८९८पर्यंत बनलेल्या बंदुका आणि तयार काडतूस न घेणाऱ्या त्यांच्या प्रतिकृती त्या कायद्याने ‘अँटिक’ म्हणून वगळल्या. त्यामुळे हे रिव्हॉल्व्हर विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासा, असं केंद्रीय कायदा कुणालाच सांगत नाही. आमच्याकडे ते टपालाने, पुठ्ठ्याच्या खोक्यात, दारात आलं.

आम्ही दोघं अजून भारताचेच नागरिक आहोत. तो एच-वन-बी व्हिसावर, ग्रीन कार्डाच्या न सरणाऱ्या रांगेत. मुलगी इथे जन्मली म्हणून तेवढी अमेरिकन. एच-वन-बीवर असलेल्या माणसाला साधं पिस्तूल जवळ बाळगायला, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर, केंद्रीय कायद्याची मनाई आहे. ठासणीच्या रिव्हॉल्व्हरला ती लागत नाही. राज्याराज्यांचे नियम निराळे. न्यू जर्सीत हेच हत्यार कुठल्याही पिस्तुलासारखा परवाना मागतं. आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहतो, आणि नवऱ्याने वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकलेलं नाही. तो तसाच आहे, कागदाला पक्का.

पण “कायद्याने ही बंदूक नाहीच,” हे वाक्य त्याच्या तोंडून मी फार वेळा ऐकते. मित्रांना सांगताना ऐकते, मुलीला समजावताना ऐकते. कायद्याने सूट दिली तो सरकारच्या हिशेबाचा भाग. आमच्या घरात जो प्रश्न गेली दोन वर्षं मिटत नाही, तो या सुटीने सुटत नाही. तो असा: स्वतःला आणि घरच्यांना वाचवण्यासाठी म्हणून रोज भरलेलं हत्यार जवळ बाळगणं, ही कुठल्या जातीची हिंसा आहे? अजून एकही गोळी कुणावर सुटलेली नसताना ती हिंसा आहे का?

आम्ही दिगंबर जैन, शिरोळ तालुक्यातले. दोघं सांगलीला एकाच कॉलेजात शिकलो. मुंबई-पुण्याच्या वाचकाला जैन म्हटलं की पेढी आणि दुकान आठवतं, आमच्याकडे जैन म्हणजे ऊसवाला शेतकरी. माझे आजोबा पाणी गाळूनच प्यायचे, सूर्य मावळल्यावर घास घ्यायचे नाहीत, आणि तरी त्यांच्या नांगराखाली दर हंगामात किती जीव जात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. हिंसेची चार प्रकारांतली वाटणी आम्ही अशा घरात शिकलो, पुस्तकात नंतर वाचली. मारायचं ठरवून मारणं ती संकल्पी हिंसा. चूल, झाडलोट, घर बांधणं यांत होते ती आरंभी. शेती, व्यापार, धंद्यात होते ती उद्योगी. आणि चालून आलेल्याला अडवताना, त्याच्यापासून कुणाला सोडवताना घडते ती विरोधी. साधूला चारही वर्ज्य. गृहस्थाने पहिली पूर्ण सोडायची आणि बाकीच्या तीन जमेल तितक्या कमी करत न्यायच्या.

नवऱ्याचं म्हणणं सरळ आहे. पिशवीतलं रिव्हॉल्व्हर विरोधी हिंसेसाठी आहे, आणि ती गृहस्थाला सोडावी लागत नाही. यात तो धर्माची पळवाट शोधत नाही. श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीला ज्याने उभी करवली, तो चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता, रणात लढलेला माणूस होता आणि श्रावकही होता. जैन गृहस्थाने मान पुढे करून बसावं, असं आमच्या परंपरेत कुणी सांगितलेलं नाही. चामुंडरायाचं नाव नवरा घेतो तेव्हा मी मान हलवते. माझा वाद तिथे नाही.

हे सुरू कशाने झालं, तेही सांगायला हवं. ६ मे २०२३, शनिवार. आमच्या घरापासून जवळ अ‍ॅलन गावात मोठा आउटलेट मॉल आहे, मुलीचे शाळेचे बूट आम्ही तिथूनच घेतो. त्या दुपारी एका माणसाने तिथे गाडीतून उतरून गोळ्या झाडायला सुरुवात केली. आठ माणसं गेली. त्यांत दोन लहान बहिणी होत्या आणि हैदराबादहून इथे येऊन नोकरी करणारी एक तरुण अभियंता होती. दुसऱ्याच कामासाठी तिथे आलेला एक पोलीस आवाजाच्या दिशेने धावला आणि त्याने त्या माणसाला मारलं. त्याआधी २०१७च्या फेब्रुवारीत कॅन्ससमधल्या ओलेथला श्रीनिवास कुचीभोटला या आमच्यासारख्याच एच-वन-बीवरच्या अभियंत्याला, तो इराणी असल्याचा समज करून घेऊन आणि “माझ्या देशातून चालता हो” म्हणत, एकाने गोळी घातली होती. तेव्हाही घरात शांतता पसरली होती. अ‍ॅलननंतर मात्र ती शांतता नवऱ्याच्या अंगात राहिली. त्याचं काम डेटा सेंटरचं. रात्री एक-दोनला फोन येतो, गाडी काढावी लागते, ओसाड पार्किंगमधून चालत जावं लागतं. त्याच्या ऑफिसातला एक कॅथलिक सहकारी अमेरिकन यादवी युद्धाच्या लढाया पोशाख घालून पुन्हा उभ्या करणाऱ्यांपैकी आहे. त्याने या रिव्हॉल्व्हरची वाट दाखवली.

दर शनिवारी नवरा रेंजवर जाऊन चक्र रिकामं करतो. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते आणि लोखंड खाते, म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याने आणि साबणाने धुवावं लागतं. धुताना कुजक्या अंड्यासारखा गंधकाचा वास सुटतो. माझ्या स्वयंपाकघराच्या नळाखाली ते होणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. गॅरेजात त्याची वेगळी बादली आहे. रविवारी संध्याकाळी, जेवण सूर्यास्ताआधी उरकलेलं असतं, तो तिथे टेबलापाशी बसतो आणि पुन्हा भरतो. घोडा अर्धा ओढून ठेवतो म्हणजे चक्र मोकळं फिरतं. पितळेच्या मापाने वीस ग्रेन, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास दारू एका घरात. वर शिशाची गोल गोळी, साधारण पाच ग्रॅमची. नळीखालचा दांडा खाली ओढला की गोळी आत ठासली जाते आणि कडेने शिशाची बारीक अंगठी कापली जाऊन टेबलावर पडते. असं पाच वेळा. सहावं घर रिकामं, घोडा त्यावर टेकवायचा, म्हणजे धक्का बसला तरी उडू नये. मग प्रत्येक गोळीवर वंगण, नाहीतर एका घराची ठिणगी शेजारच्या घरात जाऊन सगळी एकदम उडू शकतात. शेवटी मागच्या बाजूला तांब्याच्या चिमुकल्या टोप्या. चक्रावर जहाजांची लढाई कोरलेली आहे, १८४३ सालची, टेक्ससच्या छोट्या आरमाराने मेक्सिकोशी कांपेचेजवळ केलेली. कोल्टने ते चित्र मूळ रिव्हॉल्व्हरवर घातलं होतं, प्रतिकृतीवरही ते उतरलं आहे.

वंगण म्हणून जुने लोक मेंढीची चरबी आणि मधमाशीचं मेण वापरत. नवऱ्याला दोन्ही चालत नाही. तो क्रिस्को लावतो, वनस्पती तूप. पिशवी कातड्याची नको म्हणून कॅनव्हासची घेतली. १८५७ साली चरबीच्या काडतुसांवरून काय झालं ते प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे, आणि या घरातही चरबी नको याचा मला आनंदच आहे. पण त्याला इतक्या जपून क्रिस्को लावताना पाहिलं की माझ्या पोटात कालवतं. त्याच्या हातात अहिंसा पिढ्यान्‌पिढ्यांची मुरलेली आहे. तो हात मेंढीचा विचार करतो, मधमाशीचा करतो. मग ती गोळी ज्याच्यासाठी आहे त्याचा विचार त्या हाताने कुठे करायचा?

काळ्या दारूत शंभरातले सुमारे पंचाहत्तर भाग सोरा असतो. अमेरिकन यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा चांगला सोरा हिंदुस्थानातून इंग्लंडमार्गे येत असे, बिहारच्या नोनिया लोकांनी मातीतून काढलेला. १८६१च्या अखेरीस ड्यू पाँ कंपनीचा लामो ड्यू पाँ लिंकनच्या सरकारसाठी इंग्लंडला जाऊन मिळेल तेवढा सोरा विकत घेऊन बसला होता. नोनियांनी माती गाळली ती पोटासाठी, त्यांची हिंसा उद्योगी. तिकडे पोटोमॅकच्या काठावर तीच माती काय करते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला मात्र सगळं ठाऊक आहे, म्हणून आमची जबाबदारी त्यांच्याहून जड आहे असं मी मानते.

आता नवऱ्याचा सर्वांत चांगला युक्तिवाद. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या केली ती नुसती जीव जाणं अशी केली नाही. प्रमादाने, म्हणजे बेसावध आणि राग-लोभासारख्या कषायांनी भरलेल्या मनाने, प्राण हिरावणं ती हिंसा. नवरा म्हणतो, “अगं, इथे लोक दुकानातून प्लॅस्टिकचं पिस्तूल घेतात, सतरा काडतुसांची डबी खटकन बसवतात आणि विसरून जातात. मी प्रत्येक गोळी हाताने ठासतो. पाचच. परत भरायला मला दहा मिनिटं लागतात. मी जितक्या जागेपणी हे करतो तितकं जागं आणखी कोण आहे? यात प्रमाद कुठे आहे?”

हे बोलणं मला आवडतं आणि त्यात तथ्य आहे. ठासणीचं हत्यार माणसाला गुंतवून ठेवतं. आपण काय करतोय हे ते विसरू देत नाही. पण त्या जागेपणाचा वेळ कुठे खर्च होतो ते बघा. तो सगळा रविवारी संध्याकाळी गॅरेजात खर्च होतो. पार्किंगमध्ये, अंधारात, कुणीतरी पुढे आल्यावर घोडा ओढायला आणि चाप दाबायला लागतो तो क्षण प्लॅस्टिकच्या पिस्तुलाइतकाच छोटा आहे. भरणं हळू आहे, मारणं हळू नाही.

याच जातीच्या रिव्हॉल्व्हरची एक हकीकत इथल्या इतिहासात आहे. १८७१ साली कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीन गावाचा मार्शल होता जेम्स बटलर हिकॉक, ज्याला लोक वाइल्ड बिल म्हणत. त्याच्या कमरेला कोल्ट नेव्हीची जोडी असे आणि नेमबाज म्हणून त्याचं नाव देशभर होतं. ५ ऑक्टोबरच्या रात्री फिल को नावाच्या जुगाऱ्याशी त्याची भर रस्त्यात चकमक झाली. को पडला. तेवढ्यात बाजूने कुणीतरी धावत येताना हिकॉकला दिसलं आणि त्याने वळून गोळी घातली. तो माइक विल्यम्स होता, त्याचा स्वतःचा सहकारी, त्याच्याच मदतीला धावत आलेला. हिकॉकहून जास्त सराव आणि जास्त सावधपणा माझ्या नवऱ्याकडे येणार नाही. हिकॉकने घराघराने हाताने भरलेली गोळी, मनात वैर नसलेल्या मित्राला लागली. मी ही हकीकत नवऱ्याला सांगितली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

मला जे म्हणायचं आहे ते इथे येतं. विरोधी हिंसेला समोर विरोधी लागतो. कुणीतरी आलेला, दिसलेला, हात उगारलेला. रविवारी गॅरेजात तसं कुणी नसतं. तिथे नवरा असतो, टेबल असतं आणि मनातला एक माणूस असतो. गोळी त्याच्यासाठी ठासली जाते. नवरा म्हणतो, “कुणासाठीच नाही. वेळ आलीच तर.” पण ‘वेळ आलीच तर मारीन’ हा निश्चय झाल्याशिवाय पिशवी खांद्याला लागत नाही. हा निश्चय आधी केलेला आहे, थंड डोक्याने केलेला आहे, आणि समोर कुणी नसताना केलेला आहे. माझ्या समजुतीप्रमाणे ही संकल्पी हिंसेची बाजू आहे, जी आम्ही पूर्ण सोडल्याचं सांगतो. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात फार बारीक मांडलं आहे: एकजण हिंसा न करताही तिचं फळ भोगतो आणि दुसऱ्याच्या हातून ती घडूनही तो त्या फळाचा धनी होत नाही. फरक आतल्या परिणामांचा, म्हणजे मनोभावांचा. पार्किंगमध्ये काहीच न घडता संपलेल्या रात्रीही मला त्यामुळे निर्दोष वाटत नाहीत.

आणि मनातला माणूस बिनचेहऱ्याचा राहत नाही, हे मी घरात पाहिलं. हॉटेलात गेलो की नवरा आता दाराकडे तोंड करून बसतो. पेट्रोल भरताना कोण कुठे उभं आहे ते मोजतो. एकदा तिन्हीसांजेला बेल वाजली. शाळेच्या बँडसाठी चॉकलेटं विकायला आलेला पोरगा होता, काळा, उंच, डोक्यावर टोपी ओढलेली. नवऱ्याने दार उघडण्याआधी हात पिशवीत घातला होता. मला दिसलं नव्हतं. रात्री त्याने स्वतःहून सांगितलं, कारण तो खोटं जगू शकत नाही. त्या पोराने काही केलं नव्हतं आणि नवऱ्यानेही काही केलं नाही. चॉकलेटं घेतली, वर दोन डॉलर जास्त दिले. पण त्या दोन क्षणांत आमच्या दारात एका मुलाचं मरण कुणाच्या तरी मनात होऊन गेलं होतं.

स्वामी समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंड, म्हणजे गरजेवाचून घडणारं पाप, पाच प्रकारांत सांगितलं आहे. त्यांत तलवार, कुऱ्हाड, साखळदंड असली हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं हे एक, त्याला हिंसादान म्हणतात. द्वेषाने दुसऱ्याचा वध, बंधन, छेद मनात चिंतणं हे आणखी एक, ते अपध्यान. आजवर मला वाटायचं की अपध्यान म्हणजे वैऱ्याला शिव्याशाप देणं. आता कळतं की भीतीनेही ते होतं, रोज होतं, आणि हत्यार जवळ असलं की त्याला आकार येतो. नुसती भीती असलेला माणूस ‘पळू कुठे, ओरडू कसं’ याचा विचार करतो. गोळी भरलेला माणूस ‘मारू कसं’ याचा करतो, कारण मनही हाताशी असलेल्या साधनाकडेच वळतं. म्हणून माझं म्हणणं असं की पिशवीतल्या रिव्हॉल्व्हरचा हिशेब गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताच्या आधी अनर्थदंड टाळण्याच्या या गुणव्रतात लागतो.

आमच्या मंडळातले एक पुण्याचे काका हे ऐकून गीतारहस्याची आठवण देतात. टिळकांनी कर्मजिज्ञासेत मनूचा दाखला घेऊन आततायीला मारण्यात दोष नसल्याचं सांगितलं आहे. बरोबर. पण मनूची ती मुभा आततायी अंगावर येत असतानाची आहे. आणि गीतेत अर्जुनाने कौरवांना आततायी म्हणूनही, यांना मारून पापच लागेल, अशी शंका घेतलीच होती. नवऱ्याच्या कॅथलिक सहकाऱ्याशीही माझं यावर बोलणं झालं. त्यांच्या थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात स्वसंरक्षणाला परवानगी दिली ती मोठी अट घालून: सामान्य माणसाने स्वतःला वाचवण्याचा हेतू धरावा, समोरच्याला मारण्याचा धरू नये, मरण आलंच तर ते हेतूबाहेरचं असावं. तो सहकारी मनाने सरळ आहे. म्हणाला, “मी छातीवर नेम धरायचा सराव करतो. त्यामुळे हे वाक्य मला अवघड जातं.” तीन परंपरा, तिन्हींनी संरक्षणाला जागा ठेवली, आणि तिन्हींची जागा प्रसंगाइतकीच अरुंद आहे. आठवड्याभराची नाही.

मग अ‍ॅलनचा तो पोलीस? त्याच्या कमरेलाही भरलेलं हत्यार होतंच. मी त्याला मनोमन हात जोडते. त्याने केली ती खरी विरोधी हिंसा, आणि दुसऱ्यांसाठी केली. त्याचं हत्यार उघड आहे, गणवेशावर आहे, त्याच्या प्रत्येक गोळीचा जाब घ्यायला माणसं बसलेली आहेत. आमच्या घरात आलेल्या खोक्याबद्दल कुणीच काही विचारलं नाही. आणि ओलेथच्या त्या रात्री इअन ग्रिलट नावाचा माणूस टेबलाखालून उठून हल्लेखोराच्या मागे धावला होता, गोळ्या संपल्या असाव्यात अशा अंदाजाने. संपल्या नव्हत्या. त्याच्या हातातून आणि छातीत गोळी गेली, तो जगला. त्याच्या हातात काही नव्हतं. हत्यार नाही म्हणजे भित्रेपणा, असं नवऱ्याचे काही मित्र म्हणतात. भित्रेपणा आणि हिंसा यांतून एकच निवडायचं असेल तर हिंसा बरी, असं गांधीजींनी १९२०मध्ये लिहिलं, ते मी मान्य करते. शस्त्र बाळगण्यातच भीतीचा अंश असतो, असंही नंतर त्यांनीच लिहिलं आहे. ग्रिलटकडे पाहिलं की मला दुसरं जास्त पटतं.

माझे आजोबा रात्री उसाला पाणी पाजायला जाताना काठी घ्यायचे. काठी आपटत चालायचे. सापाला आवाज जावा आणि त्याने वाट सोडावी म्हणून. साप मारायला त्यांनी काठी कधी नेली नाही, पण वेळ आलीच असती तर ती हातात होतीच. हा फरक मी नवऱ्याला परत परत सांगते. पिशवीतलं रिव्हॉल्व्हर कुणाला सावध करत नाही, वाट सोडायला सांगत नाही. ते बाहेर येतं तेव्हा बोलायचं सगळं संपलेलं असतं.

त्याने यावर बाहुबली आणला. आमच्याकडे कुंभोजजवळ बाहुबलीची अठ्ठावीस फुटी मूर्ती आहे, लहानपणापासून आम्ही दोघंही तिथे जात आलोय. दोन्ही सैन्यांचा संहार टळावा म्हणून भरत आणि बाहुबली या दोघा भावांनी एकमेकांशीच झुंज घ्यायची ठरवली. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. तिन्ही बाहुबलीने जिंकली. भरताला उचलून धरला होता, आपटायचाच बाकी होता. तिथे तो थांबला आणि त्याला खाली ठेवला. नवरा म्हणाला, “थांबायला आधी ताकद असावी लागते. माझ्याकडे काहीच नसेल तर मी थांबलो याला काय अर्थ?” याचं उत्तर द्यायला मला काही दिवस लागले. बाहुबली थांबू शकला कारण ज्याला उचललं होतं त्याचा श्वास त्याला लागत होता. तो भाऊ होता, वजनदार, घामेजलेला, खरा. ताकद बाहूत होती, बाहू अंगाला होते, आणि ती वापरायला माणसाच्या इतकं जवळ जावं लागत होतं. गॅरेजात ठासलेल्या गोळीला असं कुणी दिसत नाही. थांबायचं ते कुणाला पाहून?

जैन आचारात कृत्य तीन वाटांनी आपल्या खात्यावर येतं. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि कुणी केलं त्याला अनुमोदन दिलेलं. मी गप्प राहिले तर तिसरी वाट माझी आहे. म्हणून हे सगळं मी नवऱ्याशी बोलत आले आणि आता लिहितेही आहे. गेल्या दशलक्षण पर्वात दहा दिवस रिव्हॉल्व्हर न बाळगण्याचा नियम त्याने घेतला आणि पाळला. अकराव्या दिवशी पिशवी पुन्हा खांद्याला लागली. मग आमच्यात एक तडजोड झाली, ती त्यानेच सुचवली. टोप्यांची डबी माझ्याकडे राहील. टोप्यांवाचून भरलेलं रिव्हॉल्व्हर नुसतं लोखंड. रात्री जायची वेळ आली तर तो मागेल आणि मी द्यायचं की नाही ते ठरवेन. “कायदा विचारत नाही, तर तू विचार,” असं तो म्हणाला.

गेल्या महिन्यात रात्री दोनच्या सुमाराला डेटा सेंटरचा फोन आला. त्याने डबी मागितली. त्या भागात आठवडाभरापूर्वी लूटमार झाल्याची बातमी आम्ही दोघांनीही वाचली होती. मी त्याला विचारलं, “कुणासाठी?” त्याने नाव सांगता येणार नाही म्हणून मान हलवली. मी डबी दिली नाही. तो तसाच गेला, रागावून नाही. तो परत येईपर्यंत मी स्वयंपाकघरात बसून होते आणि एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट बोलत होते: आज त्याचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्या नकारानेही झालं असेल, त्यातून मला सुटका नाही. तरीही पुढच्या वेळी त्याने मागितली तर मी हाच प्रश्न विचारणार आहे.